मे महिन्यातली विहीर किती पाहुण्यांची?

कोकणात घरगुती निवास सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "खोल्या किती?" बँकवाला तेच विचारतो, बुकिंगवाला तेच विचारतो, शेजारी तर विचारतोच. खोल्या वाढवता येतात. दोनाच्या चार, चाराच्या आठ, पैसे असले की वर स्लॅब. विहीर मात्र आजोबांनी खणली तेवढीच राहते, आणि तिचं खरं माप मे महिन्यात कळतं. आंब्याचा हंगाम, शाळांना सुट्टी, घरात मुंबईचे चाकरमानी आणि दारात पाहुण्यांच्या चार गाड्या, हे सगळं एकाच वेळी. किनाऱ्यावरच्या गावाला किती पर्यटक झेपतील, याचा आकडा त्या दिवशीच्या विहिरीच्या तळाशी असतो. कचरा, पुळण (समुद्राकाठची वाळू), कासवं, डॉल्फिन यांच्याकडे पुढे येऊच. आधी पाणी.

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग टंचाई कसली? पण आपला जांभा, म्हणजे इथला तांबडा दगड, भोकांचा. पाणी आत घेतो तितक्याच उदारपणे खाली सोडतो. दिवाळीपर्यंत ओढे वाहतात, जानेवारीत झरे बारीक होतात, होळीनंतर विहिरी उतरायला लागतात आणि एप्रिल-मे उजाडला की सड्यावरच्या, म्हणजे उंच कातळपठारावरच्या, वाड्यांना टँकर. त्याच एप्रिल-मेमध्ये पर्यटनाचा हंगाम टिपेला असतो. भरपूर पाण्याचे चार महिने पाहुणा नसतो आणि पाणी नसतं तेव्हा तो रांगेने येतो. कोकणच्या पर्यटनाचं मूळ दुखणं हे आहे.

विहिरीची कुवत मोजायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. दोरी, दगड, मीटरपट्टी आणि एक वही पुरते. मेच्या मध्यावर, पाऊस पडलेला नसताना, संध्याकाळी पंपाने पाणी दीड-दोन मीटर खाली उतरवायचं. पंप बंद करून दोरीने पातळी मोजायची. रात्रभर कुणीही पाणी काढायचं नाही, हे घरात बजावून सांगायचं, कारण पहाटे कोणीतरी कळशी बुडवतंच. बारा तासांनी पुन्हा मोजायचं. विहीर तीन मीटर व्यासाची असेल तर एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे सुमारे ७,००० लिटर. समजा रात्रीत ९० सेंटिमीटर चढलं, तर ते झालं साधारण ६,३०० लिटर. दिवसाचा हिशोब १२,५००च्या आसपास.

आता यातलं निम्मंच आपलं धरायचं. यात भित्रेपणा काही नाही. जमिनीखालच्या पाण्याला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नसतो. आपण उपसतो ते शेजारच्या विहिरीतूनही सरकून आलेलं असतं, आणि किनाऱ्याजवळ पूर्ण उपसा केला की खाली खारं पाणी टपलेलंच आहे. उरले ६,२५०. घरची सहा माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे ८१०. तीस माड, प्रत्येकाला उन्हाळ्यात रोजचे निदान ४० लिटर, म्हणजे १,२००. राहिले सव्वाचार हजारांच्या आत. हॉटेलातल्या एका खाटेला दिवसाला १८० लिटर लागतात असं भारतीय मानक धरतं. भागून बघा, २३ पाहुणे. घरात आठ चाकरमानी उतरले की त्यांचे १,०८० लिटर वजा, आणि पाहुणे आले १७ वर. आठ खोल्यांच्या घरात खोलीमागे तीन माणसं धरली तर २४ होतात. म्हणजे मेमध्ये दोन-तीन खोल्यांना कुलूप लावायचं, नाहीतर टँकर बोलवायचा. विहीर दोनच मीटर व्यासाची असेल आणि रात्रीत साठ सेंटिमीटरच भरत असेल, तर याच हिशोबात माडांचंच पुरं होत नाही. तिथे पाहुण्यांचा विषय पावसापर्यंत मिटवलेला बरा.

खाऱ्या पाण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण नुकसान इथेच कायमचं होतं. गोडं पाणी हलकं, समुद्राचं जड. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्याच्या वर तरंगत असतं, आणि समुद्रसपाटीच्या वर ते जितकं उभं असेल त्याच्या साधारण चाळीसपट खोलीपर्यंत खाऱ्याला खाली दाबून ठेवतं. ही चाळीस पट उलटीही चालते. उपशामुळे गोड्या पाण्याची पातळी कायमची दहा सेंटिमीटर खाली बसली, तर खालची खारी हद्द हळूहळू चार मीटर वर सरकते. मालवणजवळच्या देवबागसारख्या गावात, जिथे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिथे गोड्या पाण्याचा थर दोन्ही बाजूंनी कोंडलेला आहे. अशा जागी पाच अश्वशक्तीचा पंप दोन तास सलग चालवणं आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप दिवसातून चार वेळा थोडा थोडा चालवणं, यांत लिटर तेवढेच निघाले तरी परिणाम वेगळा. मोठा पंप विहिरीखाली खाऱ्या पाण्याचा उंचवटा वर ओढतो, छोटा वरचं गोडं तेवढं काढून घेतो. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची झडप, तळापासून वर उचलून बांधायचा, तो याच कारणासाठी.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आता स्वस्त मिळतो. दर पंधरवड्याला एकदा पाण्यात बुडवून आकडा वहीत लिहायचा. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम. दुसरं पाणीच नसेल तर २,००० ही शेवटची हद्द. आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. जानेवारीत ३०० होता, मार्चमध्ये ४५०, एप्रिलमध्ये ८००, तर विहीर सांगून चुकली आहे. चहा फाटायला लागला, डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, तेव्हा जाग येऊन उपयोग नाही. एकदा खारी झालेली विहीर एका पावसाळ्यात सुधारेलच असं नाही, आणि पोफळी तर तेवढी वाट बघतच नाही.

अशा गावात स्विमिंग पूल बांधतात. दहा बाय पाच मीटर, सव्वा मीटरच्या आत खोली, म्हणजे ६०,००० लिटर: दहा हजारी टँकरच्या सहा खेपा. मग उन्हाळ्यात रोजचे पाच-सहा मिलिमीटर उडून जातात, ते अडीचशे-तीनशे लिटर. शिवाय फिल्टर उलटा धुतला की गेलेलं वेगळं. समोर अख्खा अरबी समुद्र असताना! हे पाणी बहुधा बोअरचं असतं. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आहेत आणि ६० मीटरपेक्षा खोल जाण्यावरही. गावची नळपाणी विहीर कुठे आहे ते नकाशावर दाखवून ५०० मीटरचं वर्तुळ आखलं आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला, तर निम्मे वाद बोअरची गाडी गावात शिरण्याआधीच मिटतात. गाडी शिरल्यावर कायदा आठवून फारसा फायदा होत नाही.

पाणी वाढवायचं कसं? शंभर चौरस मीटरच्या कौलांवर पावसाळ्यात अंदाजे २,४०,००० लिटर पाणी पडून वाहून जातं, वीस टक्के गळती-उडती धरूनही. पण ते साठवून मेपर्यंत न्यायचं तर टाकीचा खर्च डोळे पांढरे करणारा. त्यामुळे २०,००० लिटरची एक बंद टाकी पिण्या-स्वयंपाकापुरती, पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींचं पाणी सोडून देऊन भरलेली, एवढंच परवडतं. बाकीचं विहिरीच्या वरच्या अंगाला चर काढून मुरवायचं. याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरून, तोंडं शिवून, ओढ्यात आडव्या रचायच्या. वेळ मात्र नेमकी साधावी लागते: नोव्हेंबरमध्ये, ओढा वाहता असताना. जानेवारीत बांधलेला बंधारा फोटोपुरता. गोणीत नुसती वाळू भरली तर पाणी झिरपून जातं आणि उन्हाने प्लास्टिक विरून वाळू ओढ्यातच सांडते, म्हणून मातीच हवी, आणि पावसाआधी गोणी उचलून ठेवायला हव्यात. गावातल्या निवासवाल्यांनी हंगामातला एक रविवार आणि प्रत्येकी पन्नास गोण्या एवढं दिलं तरी खालच्या विहिरींना फरक पडतो.

सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी समुद्र असताना. १६६४ साली तिथे बांधकाम सुरू करणाऱ्यांनी आत किती शिबंदी राहील याचा विचार करताना पाण्याकडे आधी बघितलं असणार, असं आमचं मत. २०२५ साली सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत आले. आता मालवण, विजयदुर्ग, हर्णै या गावांवरचा भार वाढणार. वाढायला हरकत नाही, पण गावच्या विहिरी तेव्हाही त्याच असतील.

पाण्याचा दुसरा अर्धा भाग शौचालयामागे असतो, आणि त्याविषयी कुणी बोलत नाही. पाच माणसांच्या घराला पुरणारी सेप्टिक टाकी साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर, म्हणजे सव्वा अकराशे लिटर. ३१ डिसेंबरला त्या घरात पंचवीस माणसं उतरतात. मोरीचं, स्वयंपाकाचं, संडासचं सगळं पाणी एकाच नळीने टाकीत जात असेल तर दिवसाला ४,५०० लिटर. टाकीत मैला निदान एक दिवस थांबून खाली बसायला हवा. इथे तो सहा तासांत बाहेर ढकलला जातो. न बसलेला गाळ टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात जातो, वाळूची छिद्रं बुजतात, आणि फेब्रुवारीत खड्डा तुंबतो. मालक म्हणतो, खड्डा वाईट बांधला. खड्ड्याचा दोष नव्हता, तीन दिवसांच्या गर्दीने तो मारला.

यावर उपाय जुना आहे. आपल्याकडे मोरीचं पाणी अळूत, केळीत आणि माडाच्या आळ्यातच जायचं. नवीन बांधकामात सगळं एका पाइपात घातलं, तिथे घात झाला. अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी वेगळं काढलं की टाकीवरचा भार निम्म्याहून खाली येतो आणि माडांना द्यायचं ताजं पाणी वाचतं, म्हणजे वरच्या हिशोबातले १,२०० लिटर बरेचसे परत मिळतात. स्वयंपाकघराचं पाणी मात्र थेट आळ्यात सोडायचं नाही. सुरमई तळलेलं तेल आधी अडवावं लागतं: दोन कप्प्यांची छोटी टाकी, मधल्या भिंतीच्या खालून वाट, वर तरंगलेला तवंग आठवड्याला काढून शेणात मिसळायचा. न काढल्यास तो पुढे जाऊन मातीवर साय धरतो आणि पाणी मुरणं बंद.

वीस माणसांसाठी टाकी बांधायचीच असेल तर २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद, पाण्याची खोली १.३ मीटर, म्हणजे सुमारे ३,३०० लिटर, आणि दर दोन वर्षांनी उपसा. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर. "आपल्या विहिरीपासून" असं वाचू नका, शेजाऱ्याची विहीरही त्यात आली. आगरात जागा चिंचोळ्या, त्यामुळे प्रत्येक जण आपला खड्डा आपल्या विहिरीपासून लांब म्हणजे शेजाऱ्याच्या कुंपणाला चिकटवून खणतो. शिवाय वाळूत ऑगस्ट महिन्यात भूजल इतकं वर येतं की खोल खड्डा चक्क पाण्यात बुडतो आणि मैला गाळणीशिवाय विहिरींकडे निघतो. खोल खड्ड्यापेक्षा उथळ आणि लांब चर बरा. फिनेल आणि अ‍ॅसिड ओतून संडास चकाचक ठेवणाऱ्यांच्या टाकीतले जंतू मरतात आणि मैला कुजतच नाही, हेही लक्षात असू द्या.

पाहुणे असतील त्या महिन्यात विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालायची, हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ३५ ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि तासभर थांबायचं. डबा उघडा राहिला तर त्यातला क्लोरीन उडून जातो आणि आपण नुसता चुना टाकत राहतो; बऱ्याच गावांत असंच होतं.

कचऱ्याबाबत वेंगुर्ल्याचं उदाहरण पुष्कळदा दिलं जातं आणि ते द्यायलाच हवं. नगरपरिषदेने कचरा डेपोच्या जागीच स्वच्छ भारत पार्क उभं केलं, ओल्या कचऱ्यातून बायोगॅस काढला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं. ते चालतं कारण कचरा घरातच वेगळा होतो. छोट्या ग्रामपंचायतीकडे ना गाडी ना माणूस, तिथे निवासवाल्यांनी मिळून आठवड्याला एक टेम्पो ठरवणं हाच मार्ग. दोन गोष्टींकडे मात्र कुणी बघत नाही. एक शहाळी. दिवसाला पन्नास शहाळी फुटली की पाऊणशे ते शंभर किलो ओला कचरा, आणि प्रत्येक कवटीत पावसाचं पाणी साचून डास. कोयत्याने चार फाका केल्या की डास संपले आणि वाळून चुलीला जळणही झालं. दुसरी गोष्ट माशांचे काटे आणि उष्टं. ते मागच्या दारी टाकलं की कुत्री जमतात, पाहुणे कौतुकाने आणखी घालतात, कुत्र्यांची संख्या वाढते, आणि हंगाम ओसरला की तीच उपाशी कुत्री रात्री पुळणीवर कासवाची घरटी उकरतात. उष्टं खड्ड्यात, वर फणसाचा किंवा माडाचा पातेरा आणि मातीचा थर. कासव संवर्धनाचा हा भाग स्वयंपाकघरात होतो.

कासवांचा विषय निघालाच आहे तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावचं काम आधी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे संवर्धन सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरात राहू लागले. माझ्या मते कोकणातलं हे सर्वांत नीट बसलेलं गणित आहे, कारण पैसा घराघरात गेला आणि अंडी चोरण्यापेक्षा राखणं फायद्याचं ठरलं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते, पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी निघतात, आणि नेमका दिवस वाळूच्या उष्णतेवर ठरतो. अडचण तिथेच. पाहुणा शनिवारी येतो, पिल्लू मंगळवारी. "एवढ्या लांबून आलोय, काहीतरी दाखवा" हा आग्रह वाढला की निघालेली पिल्लं टोपलीत रोखून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाची मोजकी शिदोरी असते, ती पहिल्या दिवसभराच्या जोरकस पोहण्यासाठी. टोपलीत धडपडून ती संपली तर पिल्लू समुद्रात जातं पण खोल पाण्यापर्यंत पोचत नाही. बुकिंग घेतानाच सांगायचं: पिल्लं दिसतील याची हमी नाही, गाव दिसेल. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश नाही, हातात घ्यायचं नाही. नोव्हेंबर ते मे समुद्राकडे तोंड केलेले दिवे बंद किंवा खाली झाकलेले, पिवळे. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि आपल्या व्हरांड्यातला पांढरा एलईडी त्यांना क्षितिज वाटतो.

पुळणीवर गाडी घालणाऱ्यांसाठी भरतीचं एक जुनं गणित पाहुण्याच्या खोलीत लिहून लावावं. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चालायचं. आता बघा काय होतं: पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी पूर्ण ओहोटी, पुळण रुंद आणि टणक, गाडी सुसाट जाते. फोटो होतात, अंधार पडतो, आणि उधाणाचं पाणी परत फिरतं. चाकाभोवतीची ओली वाळू प्रत्येक लाटेबरोबर हलते, तिचा जोर सुटतो आणि गाडी आसापर्यंत बसते. मग ट्रॅक्टर, जेसीबी, समुद्रात सांडलेलं ऑइल. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं, पण तेव्हा संध्याकाळी पुळणच अरुंद असते. गाडीच्या चाकोऱ्या कासवाच्या पिल्लाला ओलांडता येत नाहीत, हा वेगळा हिशोब. वाहनबंदीचा फलक लावून भागत नाही. पुळणीच्या तोंडाशी जांभ्याचे चार दगड रोवले की भागतं. होडी जाईल, बैलगाडी जाईल एवढी फट ठेवून. पोहायला चढत्या भरतीत उतरलेलं बरं. ओहोटीची ओढ आत नेते.

समोरचं दृश्य मोकळं व्हावं म्हणून मर्यादवेल आणि केवडा साफ करणाऱ्यांना वाळू धरून ठेवणारं दुसरं काही सापडलेलं नाही. मग दगडी बंधाऱ्याची मागणी होते, बंधारा लाटेला उलटी फेकतो आणि पायथ्याची पुळणच जाते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात दाट वस्तीच्या गावी भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या गावी २०० मीटर बांधकामबंदी आहे, पण असलेल्या घराचा पाया आणि दर्शनी रूप न बदलता स्थानिकांना घरगुती निवास चालवायला वाव आहे. म्हणजे कायदाही जुन्या घराच्या बाजूने आहे.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं, २९ चौरस किलोमीटरचं. तिथल्या प्रवाळाला नवशिक्या पाणबुड्यांपेक्षा नांगर जास्त तोडतो. बोटी नांगराऐवजी कायम रोवलेल्या बोयाला बांधणं, एका नवशिक्यामागे एक प्रशिक्षक, आणि माशांना बिस्कीट-पाव बंद, एवढं केलं तरी पुष्कळ. खाऊ घातला की पट्टेरी धीट मासे तेवढे गोळा होतात आणि बाकीचे जागा सोडतात. डॉल्फिनमागे बोट लावायची नाही. समांतर, पन्नास मीटर अंतर राखून, इंजिन मंद, आणि तीन बोटी झाल्या की चौथीने थांबायचं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला वल्ह्यांच्या होडीतून कांदळवन दाखवतात. तिथे इंजिनच नाही, त्यामुळे पक्षीही दिसतात आणि डिझेलचा खर्चही नाही.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लावणाऱ्या रापणकरांशी भांडण हा वेगळा विषय. रापण ओढायला पुळणीचा सलग मोकळा तुकडा लागतो, आणि नेमका तोच बनाना राइड आणि पॅरासेलिंगवाल्यांना आवडतो. सकाळी अमुक वाजेपर्यंत ही हद्द रापणीची, असं गावसभेत ठरवून बांबू रोवले तर निभतं. उलट पाहुण्यांनी रापणीला हात लावला आणि ताजा बांगडा तिथेच विकत घेतला तर दोघांचंही भलं. ताटात सुरमई-पापलेटच हवं हा हट्ट पाहुण्यांपेक्षा मेनूकार्ड छापणाऱ्यांचा जास्त आहे. बांगडा, तारली, मुडदुशी, खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) नीट वाढल्या तर कुणी नाही म्हणत नाही.

दर ठरवताना मे आणि डिसेंबर अखेर महाग, जून ते सप्टेंबर स्वस्त, एवढं धैर्य हवं. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद असतात, समुद्र दुरून बघायचा. पण विहिरी तुडुंब, भातलावणी चालू, सडे फुललेले, आणि १८० लिटरचा हिशोब करायची गरज नाही. मेमधला एक पाहुणा जुलैत वळवला तर त्या एका माणसाने पाणी, कचरा, रस्ता या तिन्हींवरचा भार हलका केला. गणपतीचे दिवस सोडून. तेव्हा घर आपलंच भरलेलं असतं.

हे सगळं एकट्याने करून जमत नाही. एकाने मेमध्ये तीन खोल्यांना कुलूप लावलं आणि शेजाऱ्याने टँकर आणून सहाच्या सहा भरल्या, तर पुढच्या वर्षी पहिलाही टँकर आणतो. "येवा, कोकण आपलाच असा" हे खरंच, पण कुणी किती यायचं हे वाडीने ठरवायला हवं. त्यासाठी मेच्या तिसऱ्या आठवड्यात एकाच रात्री वाडीतल्या सगळ्या विहिरी मोजायच्या, टीडीएस घ्यायचा, आणि वाडीला मेमध्ये झेपणाऱ्या खाटांचा एकच आकडा ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायचा. त्यातल्या घरागणिक वाट्याचा वाद जूनमध्येच उरकावा, ऑक्टोबरपर्यंत लांबवू नये. दिवाळीची आणि ३१ डिसेंबरची बुकिंगं गणपती संपताच सुरू होतात, आणि आगाऊ रक्कम खात्यात पडली की मग कुणी ऐकत नाही.